ओट्यावरची फळी

मी जन्माची संशयी. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण हा दोष माझ्या एकटीचा नाही, माहेरचा आहे. पारनेरला आमच्या घराला एक कडी, एक कोयंडा आणि दोन कुलपं होती. वडील कुलूप लावून तीनदा ओढून बघत, चार पावलं जात आणि चौथ्यांदा ओढायला परत येत. एकदा तर एसटी स्टँडवरून परत आले आणि आमची गाडी चुकली. आई त्यांना काही बोलली नाही, कारण तीही पिशवीतली किल्ली चाचपून बघत होती.

अशा घरातली मुलगी शनिशिंगणापूरच्या शिवारातल्या एका वस्तीवर दिली गेली. तिथं घरांना दारं नसतात. भिंतीत दाराएवढी जागा सोडलेली असते, तिला पडदा असतो, आणि माणसं बाहेर जाताना कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून एक रुंद फळी तिरकी टेकवून जातात. राखण देव करतो, फळी फक्त कुत्र्यांसाठी, असं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं. मी नवऱ्याला विचारलं, "आणि देवाचं लक्ष नसलं तर?" तो खूप हसला. मी विनोद केला नव्हता.

मी घोडेगावच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नवरा साखर कारखान्यात आहे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की घर संध्याकाळपर्यंत रिकामं. शेजारी, भिंतीला भिंत लागून, थोरल्या जाऊबाईंचं घर. त्यांना मी अक्का म्हणते. थोरले दीर दिवसभर मळ्यात, मुलं पुण्याला नोकरीला, त्यामुळे वस्तीवर दिवसा असतात त्या अक्का आणि त्यांच्या चार कोंबड्या. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर पेज त्यांनी भरवली होती. रोज दुपारी त्या कसलं ना कसलं कालवण वाटीत घालून माझ्या ओट्याला येत, फळी लावलेली असली तर ती न हलवता कडेनं अंग चोरून सरळ आत शिरत, वाटी चुलीशेजारी झाकून ठेवत आणि जात. मी घरी असले तरी तसंच. विचारायची पद्धतच नव्हती, कारण दार नसलेल्या घरात विचारणार तरी कुठं उभं राहून.

बारा वर्षं हे असं चाललं. माझ्या संशयाला खायला काही मिळालं नाही म्हणून तो झोपला होता, इतकंच.

मागच्या दिवाळीआधी आम्ही फरशी बदलली. जुना ओटा शहाबादीचा होता, छिन्नीनं टाके मारलेला, खरबरीत, पावसाचं पाणी पडलं तरी पाय घट्ट बसायचा. मला तो कळकट वाटायचा. घरात आणि ओट्यावर पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या, अगदी तोंड दिसेल अशा. दिरांनी त्यांच्या बाजूचं काम पुढच्या वर्षावर टाकलं, त्यामुळे ओट्याचा निम्मा भाग पांढरा आणि निम्मा काळा झाला. काम संपलं त्या दिवशी अक्का आल्या. चप्पल काढून ओट्यावर एक पाय ठेवला, पुढं-मागं केला, हातानं टाइल चाचपली.

"लई गुळगुळीत झालंय गं," त्या म्हणाल्या. "पाय ठरत न्हाई."

मी मनात नोंद केली: जळते आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले, तर फळी जागेवर होती पण उलटी होती. आमची फळी बाभळीची आहे. तिच्या एका टोकाला रुपयाएवढी काळी गाठ आहे आणि ती गाठ मी कायम डाव्या हाताला, वर ठेवते. का ठेवते म्हणाल तर ह्याच दिवसासाठी. त्या संध्याकाळी गाठ खाली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता मी विज्ञानाची शिक्षिका. दर जूनला नववीच्या वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते की बाहेरून असंतुलित बल लागू होत नाही तोपर्यंत स्थिर वस्तू स्थिरच राहते. 'बाहेरून' या शब्दाखाली दोन रेघा ओढते. मुलांना सांगते, कुठलीही गोष्ट उगाच हलत नाही. हललेली दिसली की हलवणारा शोधा. मग माझ्या ओट्यावर मी वेगळं काय करणार होते? फळी हलली होती, म्हणजे कुणीतरी हलवली होती. वस्तीवर दिवसा माणूस एकच.

मी घर तपासलं. साखरेच्या डब्यावर पेन्सिलीनं खूण केली. कपाटाच्या दोन दारांच्या मध्ये स्वतःच्या डोक्याचा एक केस थुंकीनं चिकटवून ठेवला. साड्यांच्या घड्यांचे काठ कसे आहेत ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी साखर खुणेला होती, केस जागेवर होता, काठ तसेच होते, आणि फळी पुन्हा हललेली होती. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. काहीच जात नाही, हे मला जास्त खटकायला लागलं. चोर असता तर काहीतरी घेऊन गेला असता. हे दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याचं नाव सापडत नसल्यामुळे मी जास्त घाबरले.

मग मी एक युक्ती काढली, आणि तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. फरशी पुसायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं. डबा भरून, साडी नेसून, पर्स खांद्याला लावून झाल्यावर ओल्या फडक्यानं आतून मागं-मागं सरकत बाहेर यायचं, ओटाही पुसायचा, फळी टेकवायची आणि स्कूटी सुरू करायची. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर धुरळाच धुरळा असतो. ओल्या पांढऱ्या टाइलवर धुळीचा पाय पडला की ठसा उमटणारच.

पहिल्याच दिवशी ठसे मिळाले. ओट्यावर, फळीच्या अगदी समोर, दोन पाय. उजव्या पायाचा अंगठा आत वळलेला. तो अंगठा मी ओळखत नसेन तर कोण ओळखणार. टायफॉइडच्या महिनाभरात खाटेवर पडून मी तेवढंच बघत होते. आणि फळीच्या पायथ्याला गोणपाटाचा एक तुकडा चुरगळून पडला होता.

घरात ठसा एकही नव्हता; दुपारी वाटी येईपर्यंत फरशी वाळते, म्हणजे हे पाय सकाळचे, फरशी ओली असतानाचे होते. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी केला नाही. मी म्हटलं, बाई हुशार आहे, गोणपाटाला पाय पुसून आत शिरली. तुकडा उचलला आणि उकिरड्यावर फेकला. दुसऱ्या दिवशी तिथं नवा तुकडा होता. तोही फेकला. पंधरा दिवसांत मी दहा-बारा तुकडे फेकले असतील. एकीकडे त्यांची दुपारची कालवणाची वाटी येतच होती, आणि चुलीशेजारी ती झाकलेली दिसली की मला वाटायचं, हे आत यायचं निमित्त आहे. कालवण मी खायचे. चवीत काही फरक आहे का, तेही बघायचे.

प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असं मी मुलांना बजावते. म्हणून एका रविवारी मी फळी टेकवली आणि समोर खुर्ची टाकून दोन तास बसले. हातात पेपर, नजर फळीवर. फळी तसूभरही हलली नाही. रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर गेले, घरातली भांडी थरथरली, फळी ढिम्म. म्हणजे मी असले की हलत नाही आणि मी नसले की हलते. आणखी पुरावा काय हवा? एकदा जुना मोबाईल खिडकीत लावून व्हिडिओ चालू ठेवून गेले. चाळीस मिनिटांत बॅटरी संपली. त्या चाळीस मिनिटांत रस्त्यावरून ट्रॅक्टरही गेला नाही, फक्त एक कोंबडी दोनदा ओट्यावरून गेली, आणि काही क्षण मी कोंबडीवरही संशय घेतला.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला.

"वैनी घरात येत्यात, यात नवीन काय हाय? बारा वर्सं येत्यात."

"वाटी ठेवायला येतात ते वेगळं. ह्या फळी काढून, पाय पुसून येतात."

"मग इचार की त्यांना."

"विचारलं तर खरं सांगणार आहेत का?"

मी त्याला म्हटलं, आपण दार बसवू. लोखंडी, कुलूप लागेल असं. हल्ली कुणीकुणी गुपचूप बसवतातच. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "दुसऱ्याची गोस्ट सोड. ह्या वस्तीवर घरं दोनच. आपन दार लावलं तर लोकं म्हनतील, कुनाच्या भ्यानं लावलं? शेजारी वैनीबिगर हाय कोन? दार लावलं म्हंजी वैनीला चोर म्हनलं, एवढं ध्येनात ठिव."

ते मला समजत होतं. चांगलं समजत होतं. त्या घरात अक्का पस्तीस वर्षं नांदत होत्या आणि आसपासच्या वस्त्यांवर त्यांचा शब्द चालायचा. माझ्या घराला दार लागलं असतं तर त्या दिवसापासून कुठल्याच ओट्यावर त्यांना पहिल्यासारखं चढता आलं नसतं. पण मी तेव्हा अशा जागी पोचले होते की मला ते चालणार होतं.

त्याच दिवसांत अक्कांचे डोळे बिघडले. उजव्या डोळ्यातून पाणी यायचं, तांदूळ निवडताना ताट नाकाशी न्यायच्या. मोतीबिंदू होता, संक्रांतीनंतर नगरला ऑपरेशन ठरलं. आमच्या भागात लोक मानतात की इथं जो चोरी करेल त्याचे डोळे जातात. ह्या असल्या गोष्टींवर मी शाळेत अंधश्रद्धा म्हणून निबंध लिहून घेते. आणि तरीही, अक्कांना ताट नाकाशी नेताना बघून माझ्या मनात आलं, बघ, देवानं दाखवलंच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या विचाराची जितकी शरम वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटत नाही.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी फळीखाली गोणपाटाऐवजी दुसरंच काही मिळालं. हातभर लांब, दोन बोटं जाड, गोधडीसारखी शिवलेली एक पट्टी. आत चिंध्या भरलेल्या, वरून जुन्या इरकलीचा काठ लावलेला. टाके वेडेवाकडे, कुठं लांब, कुठं एकावर एक चढलेले. मी ती चिमट्यानं उचलली. विज्ञानाची शिक्षिका, पण चिमट्यानं उचलली, कारण करणी-भानामतीची शंका माझ्या मनाला शिवून गेली होती. ती पट्टी मी उकिरड्याच्या पार मागच्या बाजूला टाकली आणि त्याच दुपारी घोडेगावला जाऊन लोखंडी दाराची ऑर्डर दिली. वेल्डिंगवाल्यानं पत्ता विचारला, मी सांगितला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि वहीत लिहिलं.

हळदीकुंकू माझ्याकडे होतं. आसपासच्या वस्त्यांवरच्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्याला रुमाल लावून. एकीनं नव्या फरशीचं कौतुक केलं. मी हातातलं तिळगुळाचं ताट फिरवत म्हणाले, "फरशी झाली, आता दार बसवतेय. पुढच्या आठवड्यात येईल. काय करणार, घरात पाय फिरतात. बाहेरच्यांचे असते तर सांगितलं असतं."

सगळ्यांनी एकदमच वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांविषयी बोलायला सुरुवात केली. अक्कांनी रुमाल खाली घेतला, माझ्याकडे बघितलं. त्यांना मी किती दिसत होते कुणास ठाऊक. थोड्या वेळानं उठल्या, उंबऱ्याच्या जागी हातानं भिंत चाचपत बाहेर गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही, वाटलं.

दोन दिवसांनी दीर त्यांना ऑपरेशनसाठी नगरला घेऊन गेले. तिथंच एका नातेवाइकांकडे आठवडाभर राहायचं होतं. शेजारचं घर रिकामं झालं. मी त्या सकाळी रोजच्यासारखी फरशी पुसली, फळी टेकवली, गाठ डावीकडे वर, आणि बऱ्याच दिवसांनी निवांत मनानं शाळेत गेले.

संध्याकाळी आले तर फळी ओट्यावर आडवी पडलेली होती. पडदा अर्धा ओढलेला, आत पिठाचा डबा उलथलेला, आणि पांढऱ्या फरशीवर कुत्र्याच्या पायांची पिठाची रांगोळी. कुत्रं खाटेखाली झोपलं होतं. मला बघून त्यानं शेपूट हलवली.

मी ओट्यावर बसून राहिले. अक्का नगरला होत्या. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. दिरांचा दुपारीच फोन येऊन गेला होता की ऑपरेशन नीट झालं. मग फळी कुणी पाडली? कुत्र्यानं, असं मी म्हणून बघितलं. पण इतकी जड फळी कुत्र्यानं पाडायची तर त्यानं आधी बारा वर्षं काय केलं? दुसऱ्या दिवशीही फळी पडली. तिसऱ्या दिवशीही. रोज आडवी, रोज पायथा ओट्याच्या कडेकडे सरकलेला. आणि आता ती उचलून परत लावणारं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी नववीला प्रात्यक्षिक परीक्षेची उजळणी होती. प्रयोग घर्षणाचा. लाकडी ठोकळा, त्याला ताणकाटा अडकवायचा, आणि वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून ओढत काटा किती ताणला जातो ते वाचायचं. खरबरीत पृष्ठभाग म्हणून आम्ही शहाबादीचा तुकडा वापरतो. गुळगुळीत म्हणून यंदा मीच एक टाइल आणली होती. आमच्या ओट्याची उरलेली.

एका मुलीनं शहाबादीवर ठोकळा ओढला. काटा चांगला ताणला गेला. टाइलवर ओढला, कमी ताणला गेला. मग मी दरवर्षी सांगते तसं सांगितलं, आता टाइल ओली करा. तिनं बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं, फडक्यानं पसरवलं आणि ठोकळा ओढला.

"बाई, जोरच लागत न्हाई," ती म्हणाली. "आपोआप आल्यागत येतोय."

मी तिच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे बघितलं. नंतर टाइलकडे बघितलं. मुलं वहीत वाचन लिहून घेण्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाहेरून बल लागलंच पाहिजे, हे बरोबरच होतं. पण ते काय नव्यानं लागत होतं? फळीचं वजन बारा वर्षं तिला खाली ओढतच होतं, तिरकी टेकवलेली फळी बारा वर्षं पायथ्याशी सरकायला बघतच होती. तिला धरून ठेवत होता तो खरबरीत ओटा. तो मी काढला. आणि उरलीसुरली पकड मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं ओल्या फडक्यानं पुसून टाकत होते, चोराचे पाय पकडायला. पहिला ट्रॅक्टर हादरा देऊन गेला की फळी खाली. त्या रविवारी मी फरशी पुसलीच नव्हती, कारण मला कुठं जायचंच नव्हतं. कोरड्या टाइलवर ती दोन तासांत सरकत नाही, दिवसभराचे हादरे लागतात. मुलांच्या वहीत असली चूक सापडली असती तर मी लाल पेनानं गोल केला असता.

मधल्या सुट्टीनंतर रजा टाकून घरी आले. ओटा ओला केला, फळी टेकवली, थोडा हादरा दिला. सरकली. पुन्हा लावली, पुन्हा सरकली. मग उकिरड्याच्या मागं गेले. ती पट्टी राखेत आणि उसाच्या पाचटात अर्धी बुडालेली होती. झटकली, आणली, फळीच्या पायथ्याखाली घातली. लांबी बरोबर फळीच्या रुंदीएवढी होती. कुणीतरी फळी मापून शिवली होती. मी फळीला दोन्ही हातांनी हलवलं, गुडघ्यानं ढकललं. ती जागची हलली नाही.

तिथं, ओट्यावर, मी रडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोर नव्हताच.

अक्का परत आल्या तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा होता. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी पट्टी धुऊन वाळवली होती, ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बघितली नाही, बोटांनी चाचपली.

"ही तुम्ही शिवलीत?"

"व्हय. तू गोनपाट रोज फेकायचीस. म्हनलं, मास्तरीनबाईच्या नव्या फरशीवर घान दिसतंय, तिला आवडत नसंल. म्हनून काठ लावला." जरा थांबून म्हणाल्या, "टाके वाकडे आले आसतील. दिसत न्हवतं."

"मला सांगितलं का नाही, फळी पडते म्हणून?"

"सांगितलं की. पाय ठरत न्हाई म्हनले न्हाई का? तू शिकलेली, तुला आनखी काय फोडून सांगायचं?"

मी त्यांच्या पायांशी खाली बसले. म्हणाले, "अक्का, माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला. चारचौघीत बोलले."

त्यांनी पट्टी उचलून माझ्या हातात दिली. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या.

"दार कवा येनार हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही बसवणार. मी फोन करून ऑर्डर मोडली."

"न्हाई. बसव." आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगत होत्या. "कुलूप लाव, किल्ली तुज्यापाशी ठिव. मंग घरात काय बी हाललं, काय बी गेलं, तरी माज्याकडं कोन बगनार न्हाई. मला बी झोप लागंल."

मला वाटलं होतं, त्या रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांना माझ्यापासून सुटका हवी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दार मी बसवलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या घरी एकेकीकडे गेले, फळीची, फरशीची, पट्टीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी चहा दिला, "व्हय का," म्हणाल्या. दोघींनी तर मला धीर दिला की घरातलं घरात झाकावं लागतं, त्यांना कळतंय. माझं त्या दिवशीचं एक वाक्य अजून वस्त्यांवरून फिरत होतं आणि ते थांबवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

फरशी आता मी संध्याकाळी पुसते. फळीखाली ती पट्टी असते. पावसाळा गेला, पुन्हा ऊस सुरू झाला, ट्रॅक्टर पुन्हा रात्रंदिवस रस्ता हादरवतात, पण फळी एकदाही पडली नाही. गाठ कुठल्या बाजूला आहे ते मी बघत नाही. म्हणजे बघते, पण बघून सोडून देते.

अक्कांना आता चांगलं दिसतं. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की दुपारी त्या वाटी घेऊन येतात. फळी लावलेली नसते, पडदा बाजूला असतो, मी आत चुलीशी समोर दिसत असते. तरी त्या काळ्या फरशीवर, त्यांच्या बाजूच्या निम्म्या ओट्यावर थांबतात आणि हाक मारतात, "हाईस का गं घरात?" मी आतून म्हणते, "या की अक्का, आत या." त्या "व्हय, व्हय," म्हणतात, वाटी पांढऱ्या फरशीच्या कडेला ठेवतात आणि जातात.